बाण लागतात, पण गॉथांचे हस्कार्ल मरत नाहीत: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

'एज ऑफ एम्पायर्स २' हा संगणकावरचा लढाईचा खेळ खेळणाऱ्यांची ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की समोर कोण होतं हे मला विचारावं लागत नाही. आधी लक्षणं जुळतात का ते बघा.

पस्तिसाव्या मिनिटापर्यंत खेळ तुमच्या हातात असतो. विलेजर (शेती-लाकडाचं काम करणारी माणसं) तुमचे जास्त, सोनं तुमच्याकडे, तिरंदाजांची चाळीसची तुकडी तयार. मग समोरून गोल ढालींचे पायदळी सैनिक येऊ लागतात. तुमची अख्खी तुकडी बाण सोडत असते, बाण लागताना दिसतात, पण त्यांची हिरवी पट्टी जेमतेम हलते. ते अंगाशी भिडले की तिरंदाज पाच-दहा सेकंदांत साफ. वीस मारले तर मागून तीस येतात. टाउन सेंटरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत, माणसं कोंबून बाण मारले तरी शेतातले विलेजर कापले जातात. आणि शेवटी वाटतं की चूक हाताच्या वेगाची होती, मी वेळेवर मागे हटलो नाही.

यातली तीन लक्षणं जरी जुळली, तरी दुखणं गॉथ या संस्कृतीच्या एलिट हस्कार्लचं, म्हणजे त्यांच्या खास पायदळाच्या बढती मिळालेल्या सैनिकाचं आहे. हाताच्या वेगाचा त्यात फारसा संबंध नाही. समोरचे घोड्यावर असतील तर मात्र दुखणं वेगळं, त्याला पुढचा इलाज चालणार नाही.

आता तपासण्या. आधी फुकटच्या, मग स्वस्त, मग महाग.

नुसती बेरीज-वजाबाकी

हस्कार्लवर क्लिक करा. खाली ढालीच्या खुणेपुढे दोन आकडे दिसतात: पहिला तलवार-भाल्यापासूनचं संरक्षण, दुसरा बाणांपासूनचं. एलिट हस्कार्लचे मूळ आकडे ० आणि ८. गॉथांना पायदळाच्या चिलखताची तिसरी सुधारणा, म्हणजे प्लेट मेल, मिळत नाही. पहिल्या दोन मिळतात. त्या धरून २ आणि १० होतात. पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या अपडेटमध्ये, आकडे थोडेफार हलतात, म्हणून आपल्या खेळात क्लिक करून बघायची सवय ठेवा.

आता आपल्या बाजूचा हिशोब. आर्बॅलेस्टरचा, म्हणजे पूर्ण बढती मिळालेल्या तिरंदाजाचा, मारा ६. फ्लेचिंग, बॉडकिन ॲरो, ब्रेसर आणि केमिस्ट्री अशा चारही सुधारणा केल्यात, तर १०. दहातून दहा गेले शून्य. या खेळात कुठलाही वार किमान १ इजा करतोच, म्हणून एक बाण, एक इजा. एलिट हस्कार्लचा जीव ७०. म्हणजे सत्तर बाण लागले की एक माणूस पडतो. चाळीस तिरंदाजांनी एकाच माणसावर नेम धरला तरी दोन फैरी लागतात, आणि दोन फैरींमध्ये साधारण दोन सेकंद जातात.

उलट बाजू बघा. हस्कार्लचा मारा १२, ब्लॅकस्मिथच्या (शस्त्रं-चिलखतं सुधारणाऱ्या इमारतीच्या) सुधारणांचे ४, आणि तिरंदाजांविरुद्ध वरून १०. आर्बॅलेस्टरचं चिलखत पूर्ण असलं तरी एका घावात २३ जातात. त्याचा जीव ४०. दोन घाव आणि संपला.

ही तपासणी पहिली का, तर एकदा हे आकडे डोळ्यांनी पाहिले की 'अजून दहा तिरंदाज असते तर' हा विचार मनातून जातो. तो गेल्याशिवाय पुढचा कुठलाच उपाय माणूस मनापासून करत नाही, हे मी वारंवार पाहिलं आहे.

हस्कार्ल हा शब्द स्कँडिनेव्हियाकडचा, अर्थ 'घरचा माणूस': राजाच्या पदरचा, त्याच्या घरात जेवणारा लढवय्या. पेशवाईत खाशा फौजेला हुजुरात म्हणत, ती कल्पना याच्या जवळची. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड राजाचे असे लोक नॉर्मन तिरंदाजांसमोर ढालीला ढाल लावून उभे होते. ३७८ मध्ये एड्रियानोपलला रोमन सैन्य बुडवणारे आणि ४१० मध्ये रोम लुटणारे गॉथ त्याच्या कितीतरी आधीचे. खेळ तयार करणाऱ्यांनी दोन काळ एकत्र केले आहेत, पण ढाल आणि बाण यांचं नातं नेमकं पकडलं आहे.

समोर गॉथ आहेत हे तुम्हाला कधी कळलं?

बहुतेकांचं उत्तर असतं, हस्कार्ल दिसले तेव्हा. उशीर तिथेच झाला. खेळ सुरू होताना नावासमोर संस्कृती दिसते. ती वाचायला पैसे लागत नाहीत. गॉथ दिसले की एक गोष्ट तेव्हाच ठरवून टाका: फ्युडल आणि कॅसल एज या मधल्या टप्प्यांत तिरंदाज चालतील, इम्पीरियल एज या शेवटच्या टप्प्यातलं मुख्य सैन्य तिरंदाजांचं असणार नाही. हा निर्णय पहिल्या मिनिटाला घेतला तर त्याला काही लागत नाही. छत्तिसाव्या मिनिटाला घेतला तर त्याची किंमत अख्खा डाव असते.

एक घोडा पाठवा

स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) मेला असेल तर नवा काढा, ऐंशी फूड फक्त. इम्पीरियलला जाण्याआधी त्याला समोरच्याच्या गावातून एक चक्कर मारू द्या. दोन गोष्टी मोजायच्या: कॅसल (किल्ल्याची इमारत) आहे का आणि बॅरॅक (पायदळ तयार करणाऱ्या इमारती) किती.

कॅसल का, तर ॲनार्की आणि पर्फ्यूजन ही दोन्ही संशोधनं तिथेच होतात. ॲनार्की झालं की हस्कार्ल कॅसलऐवजी साध्या बॅरॅकमधूनही निघतात. पर्फ्यूजन झालं की बॅरॅकचा वेग दुप्पट होतो. त्यात गॉथांचं पायदळ स्वस्त, आणि इम्पीरियलमध्ये त्यांना लोकसंख्येची दहा जागा जास्त. या चारही गोष्टी एकत्र आल्या की तो लोंढा तयार होतो. एकेकटा हस्कार्ल काही अजिंक्य नाही. तो ज्या वेगाने परत उभा राहतो, त्यानेच जीव जातो.

एकच बॅरॅक आणि बाजूला तीन तबेले दिसले, तर समोरचा घोडदळाकडे निघाला आहे. घाबरून सगळं बदलू नका. चार-पाच बॅरॅक ओळीने उभे दिसले, तर तुमच्या हातात काही मिनिटंच आहेत.

रांगेतले तिरंदाज रद्द करा

इथे एक प्रसंग सांगते, कारण खरी अडचण इथेच असते.

माझा मावसभाऊ ब्रिटन ही संस्कृती घेऊन खेळतो. लाँगबोमन या त्यांच्या खास तिरंदाजांवर त्याचं फार प्रेम. त्याने एका हरलेल्या डावाचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि खाली लिहिलं, "ताई, माझे बाण लागतच नाहीत. गेममध्ये बग आहे का?" मी छत्तिसाव्या मिनिटाला थांबवून बघितलं. बेचाळीस एलिट लाँगबोमन, बॅरॅक एक, आणि ब्लॅकस्मिथमध्ये पायदळाच्या चिलखताची एकही सुधारणा नाही. एलिट लाँगबोमनचा मारा सुधारणांसकट ११. अकरातून दहा गेले एक. पुन्हा तेच सत्तर बाण, आणि ब्रिटनना थंब रिंग ही नेम पक्का करणारी सुधारणा नाही म्हणून त्यातले काही चुकणारच. तरीही हस्कार्ल दिसल्यावर त्याने आणखी पंधरा लाँगबोमन रांगेत लावले होते. सवयीने. ज्या युनिटने आधीची वीस मिनिटं जिंकून दिली, त्याच्यावरून हात हलत नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं, "आधी कॅसलवर जा आणि रांगेत लावलेलं सगळं रद्द कर. पैसे पूर्ण परत मिळतात." त्याला हे माहीतच नव्हतं. रांगेतलं युनिट रद्द केलं की लाकूड-सोनं लगेच परत येतं, आणि तेवढ्यात दोन बॅरॅक उभे राहतात.

आहेत ते तिरंदाज मारायची मात्र गरज नाही. गॉथ हस्कार्लबरोबर हॅल्बर्डिअर, म्हणजे भालेवाले, आणतातच, आणि हॅल्बर्डिअरला बाण व्यवस्थित लागतात. तिरंदाज मागे ठेवा, नेम भालेवाल्यांवर धरा.

ब्लॅकस्मिथ, आणि मगच चॅम्पियन

सगळ्यात भरवशाचा आणि बहुतेक संस्कृतींना परवडणारा उपाय म्हणजे चॅम्पियन, तलवारबाजांची सगळ्यात वरची पायरी. पण 'चॅम्पियन काढले तरी हरलो' असं सांगणारे खूप भेटतात, आणि प्रत्येक वेळी कारण एकच निघतं: सुधारणा नसलेले चॅम्पियन.

साधा चॅम्पियन, कुठलीही सुधारणा नाही. मारा १३, हस्कार्लच्या २ चिलखतातून ११ पोचतात. सत्तर जिवाचा हस्कार्ल पाडायला सात घाव. उलट हस्कार्लचा मारा १६, चॅम्पियनचं चिलखत १, म्हणजे प्रत्येक घावाला १५. चॅम्पियनचा जीवही ७०. तो पाचव्या घावाला पडतो. सरळ हार.

आता तोच चॅम्पियन पूर्ण सुधारून. फोर्जिंग, आयर्न कास्टिंग, ब्लास्ट फर्नेस मिळून मारा १७; हस्कार्लला १५ लागतात, पाच घावांत खलास. स्केल, चेन आणि प्लेट मेल मिळून चिलखत ४. हस्कार्लचे १२ पोचतात, सहा घाव लागतात. एका घावाचा फरक, पण लढाई पालटते.

म्हणून क्रम असा ठेवा. कॅसल एजमध्येच, तिरंदाज खेळत असतानाही, स्केल मेल आणि फोर्जिंग करून टाका. ती स्वस्त आहेत. इम्पीरियलला जाताना दोन बॅरॅक वाढवा. एका बॅरॅकमध्ये तलवारबाजांची बढती चालू राहू द्या, कारण बढती चालू असेपर्यंत त्या बॅरॅकमधून माणूस निघत नाही. ही बढती पायरीपायरीने होते, मॅन-अ‍ॅट-आर्म्सपासून चॅम्पियनपर्यंत, आणि एकही पायरी गाळता येत नाही. शेवटी सुरू केलीत तर पोचणार नाही. कॅसलमध्ये कॉन्स्क्रिप्शन मिळत असेल तर घ्या, बॅरॅकचा वेग वाढतो.

आणि शेतं. तिरंदाजांना लाकूड-सोनं लागतं, चॅम्पियनला अन्न लागतं. लाकडावरचे दहा-पंधरा विलेजर शेतात न हलवता बॅरॅक वाढवले तर ते बॅरॅक रिकामे उभे राहतात. मावसभावाच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच झालं होतं: पाच बॅरॅक, दोन हजार लाकूड पडून, अन्न चाळीस.

घोडदळाचा मोह

पॅलाडिन या सगळ्यात वरच्या घोडेस्वाराचे आकडे बघून कुणालाही वाटेल, हाच इलाज. पूर्ण सुधारलेला पॅलाडिन हस्कार्लला पाच घावांत मारतो, आणि हस्कार्लला तो पाडायला सतरा लागतात. समोर नुसते हस्कार्ल असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण त्याच बॅरॅकमधून, त्याच वेगाने, सोनं न लागणारा हॅल्बर्डिअर निघतो. त्याला घोडदळाविरुद्ध वरून ३२ मिळतात, आणि तोच पॅलाडिन पाचेक घावांत आडवा होतो. घोडदळ ठेवा, पण विलेजर आणि सोन्याच्या खाणीवर धाडी घालायला. लोंढ्याच्या तोंडावर नको. अपवाद बायझंटाइनांचा कॅटाफ्रॅक्ट. पायदळ कापण्यासाठीच तो आहे आणि भाल्यांनाही बऱ्यापैकी पुरून उरतो. बायझंटाइन खेळत असाल तर दुसरीकडे बघूच नका.

तुमच्या संस्कृतीचं स्वतःचं औषध

इथे पैसा आणि सराव दोन्ही लागतं. हँड कॅननिअर (बंदूकधारी) मिळत असतील तर घ्या. त्यांना पायदळाविरुद्ध वरून १० मिळतात, त्यामुळे बाणांची ढाल त्यांना पूर्ण अडवू शकत नाही. चार-पाच गोळ्यांत हस्कार्ल पडतो. फक्त एक लक्षात ठेवा, खेळाच्या हिशोबी तेही तिरंदाजच आहेत, म्हणून हस्कार्ल त्यांच्यापर्यंत पोचला तर दोन घावांत काम संपतं. पुढे चॅम्पियनची किंवा हॅल्बर्डिअरची भिंत हवीच. हिंदुस्तानी संस्कृतीकडे शतघ्नी नावाचं संशोधन आहे, त्याने हँड कॅननिअरचा पल्ला वाढतो. रामायण-महाभारतात वाचलेलं नाव बंदुकीच्या संशोधनाला दिलेलं पाहून मला पहिल्यांदा फार आनंद झाला होता.

जपान्यांचा सामुराई एकेका संस्कृतीच्या खास युनिटवर जास्त घाव घालतो, आणि हस्कार्ल खास युनिटच आहे. ॲझ्टेकांचा जॅग्वार वॉरियर पायदळावरच पोसलेला. ट्यूटॉनिक नाइट समोरासमोर कुणालाही ऐकत नाही, पण इतका हळू चालतो की लोंढा त्याला वळसा घालून गावात घुसतो. अरुंद वाटेवरच उपयोगी.

ऑनेजर या दगड फेकणाऱ्या यंत्राचे दगड हा आणखी एक मार्ग. दगडाचा मार बाणाच्या हिशोबात धरत नाहीत, हस्कार्लची मोठी ढाल तिथे कामी येत नाही. दाटीने येणाऱ्या गर्दीवर एक दगड बसला की दहा जण एकदम घायाळ. पण नेम हाताने धरावा लागतो, आणि चुकला तर आपलीच माणसं मरतात. सराव नसेल तर ऐन सामन्यात पहिला प्रयोग करू नका.

माणसं नाही, बॅरॅक पाडा

लोंढा थोपवला म्हणजे आजार बरा झाला असं नाही. तुम्ही पन्नास मारलेत तर पुढचे पन्नास निघालेलेच असतात. म्हणून पहिली लाट मोडली की लगेच ट्रेबुशे (इमारती पाडणारी लांब पल्ल्याची यंत्रं) पुढे न्या आणि बॅरॅकवर लावा. मेलेला हस्कार्ल काही सेकंदांत परत येतो, पडलेला बॅरॅक विलेजर बोलावून, लाकूड खर्चून पुन्हा बांधावा लागतो.

त्याबरोबर त्याच्या सोन्यावर नजर ठेवा. हस्कार्लला सोनं लागतंच. दोघांच्याच सामन्यात मित्राशी व्यापार नसतो, खाणी संपतात. बाहेरच्या खाणीवरचे त्याचे विलेजर दोनदा उधळून लावलेत तर दहा मिनिटांनी समोरून हस्कार्ल कमी आणि भालेवाले जास्त यायला लागतील. मागे ठेवलेले तिरंदाज तेव्हा पुन्हा कामाला येतात.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात पक्का इलाज

लोंढा सुरू होऊच देऊ नका. गॉथांना दगडी तटबंदी मिळत नाही, लाकडी कुंपणावरच भागवावं लागतं. फ्युडल आणि कॅसल एजमध्ये ते चांगल्यापैकी उघडे असतात. पंधराव्या ते पंचविसाव्या मिनिटात नाइट (घोडेस्वार) घेऊन त्यांच्या लाकूडतोड्यांवर सतत धाडी घातल्या, तर कॅसल उशिरा उभा राहतो, पर्फ्यूजन आणखी उशिरा. हे शेवटी सांगतेय कारण त्यासाठी आपलं गाव चालवताना परक्या गावात लढता यायला हवं, आणि ते महिन्यांच्या सरावाने येतं.

कुठे थांबायचं

एका डावात: दोन्ही टाउन सेंटर गेले, विलेजर वीसच्या खाली आले आणि समोरचे बॅरॅक शाबूत आहेत, तर डाव सोडा. पुढच्या वीस मिनिटांत शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं.

अनेक डावांत: वरच्या सगळ्या गोष्टी करूनही गॉथांविरुद्ध ओळीने आठ-दहा डाव गेले, तर स्वतःच शोधत बसू नका. त्यातली तीन रेकॉर्डिंग तुमच्याहून बऱ्याच वरच्या रेटिंगच्या खेळाडूला दाखवा. पैसे घेऊन शिकवणारेही आहेत. जिंकलेला एक डावही बरोबर द्या, तुलनेला लागतो. बहुतेक वेळा चूक हस्कार्लच्या वीस मिनिटं आधी, विलेजरच्या मोजणीत सापडते. ती स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही.

आणि यंत्राचं. लोंढा आला की खेळच अडखळतो, असं काही जण सांगतात. या खेळात सगळ्यांच्या संगणकांवर तोच हिशोब एकाच वेळी चालतो, त्यामुळे एकाचं यंत्र दमलं की सगळ्यांचा खेळ मंदावतो. ब्राउझर बंद करा, चित्रांची गुणवत्ता खाली आणा, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, बाजूच्या जाळीतली धूळ झटका. एवढं करूनही गर्दीच्या वेळी लॅपटॉप आपोआप बंद पडत असेल, तर स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. कीबोर्ड किंवा तळ फुगल्यासारखा वाटत असेल तर ती बॅटरी आहे: त्याच क्षणी लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि पुन्हा चालू न करता घेऊन जा.

मावसभावाचं तिसरं रेकॉर्डिंग गेल्या आठवड्यात आलं. समोर गॉथ. एकतिसाव्या मिनिटाला त्याचे पाच बॅरॅक, चिलखताच्या तिन्ही सुधारणा झालेल्या, शेतं तीसच्या वर. लाँगबोमन अठराच, मागे, भालेवाल्यांवर नेम धरून. डाव एक तास चार मिनिटं चालला. खाली त्याने लिहिलं होतं, "ताई, ट्रेबुशे आधी काढायला हवे होते का?" हो, दहा मिनिटं आधी.